जुन्या डेस्कटॉपला कोणतं लिनक्स घालू?

प्रश्न : माझ्याकडं २००९ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ ई७५००, २ जीबी रॅम, ३२ बिटचं विंडोज ७. चालू होईपर्यंत चहा करून, पिऊन होतो. तारीख दर वेळी मागं जाते, बऱ्याच साइट उघडत नाहीत. दुकानदार म्हणाला, भंगारात घाला. मला मराठी टायपिंग, मेल आणि यूट्यूबवर भजनं, एवढंच लागतं. सगळ्यात हलकं लिनक्स कोणतं?
– एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : गुरुजी, भंगारात अजिबात घालू नका. पण ‘सगळ्यात हलकं’च्या नादालाही लागू नका. मी लागलो होतो. वडिलांच्या मशीनवर पपी लिनक्स घातलं. अख्खी सिस्टिम रॅममध्ये चढते, त्यामुळं माउस हलवायचा अवकाश, काम हजर. मी खूश! संध्याकाळी फोन आला, “अरं, हे सगळं दोन-दोनदा उघडतंय की.” पपीत चिन्हावर एकदाच टिचकी मारायची असते, पण आमच्या आबांचा हात पंधरा वर्षं डबल क्लिकचा. एका पत्राच्या चार-चार खिडक्या उघडून बसले होते. तिसऱ्या दिवशी मी ते काढलं.

दुसरं म्हणजे, रॅम खातो तो ब्राउझर. अँटीएक्स नावाचं हलकं लिनक्स नुसतं सुरू केलं तर दोन-अडीचशे एमबीत भागतं, पण फायरफॉक्समध्ये मेल आणि यूट्यूब उघडलं की कुठल्याही लिनक्सवर जीबीभर रॅम सहज जाते. म्हणून आधी २ जीबीची ४ जीबी करा. त्या काळच्या मशीनला बहुधा डीडीआर२ प्रकारची रॅम लागते, ती आता जुन्या बाजारातच मिळते. शाहूपुरी-राजारामपुरीत रिपेरिंगवाल्यांकडं विचारा. सोबत एक छोटी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क, बसवा. चहा प्यायला वेळ उरणार नाही.

एवढं केलंत तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती घाला. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळं हाताला परकं वाटत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ते फक्त ६४ बिटचं मिळतं. तुमचं विंडोज ३२ बिटचं असलं तरी प्रोसेसर ६४ बिटचाच आहे, तेव्हा घाबरू नका. रॅम वाढवायची नसेल तर मात्र अँटीएक्स, आणि ब्राउझरमध्ये एका वेळी एकच टॅब. कुठलंही असो, आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा. आवाज येतोय का, प्रिंटर लागतोय का, हे तिथंच कळतं.

भजनं अडखळतील. यूट्यूब आता ज्या नव्या प्रकारात व्हिडिओ पाठवतं, ते उलगडायला तुमच्या मशीनमध्ये वेगळी सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. फायरफॉक्समध्ये ‘एच२६४इफाय’ हे एक्स्टेन्शन घाला, म्हणजे यूट्यूब जुन्या, हलक्या प्रकारात व्हिडिओ पाठवतं, आणि व्हिडिओ ४८० वर ठेवा. भजनाला तेवढं पुष्कळ झालं.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही मराठी कळांची मांडणी मिळते. पण जुन्या फाइली श्रीलिपीसारख्या फॉन्टमधल्या असतील तर त्या विंडोज काढायच्या आधीच युनिकोडमध्ये बदला, निदान पीडीएफ करून ठेवा. नाहीतर लिनक्सवर ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसेल. आणि इन्स्टॉल करताना ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडलात तर फोटोसुद्धा जातात; ते आधी दुसरीकडं उतरवून घ्या.

पण हे सगळं नंतर. तारीख मागं जाते ती मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपल्यामुळं. घड्याळ चुकलं की ब्राउझरला साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं आणि तो दार उघडत नाही. लिनक्स घातलं तरी सेल संपलेलाच राहील. सीआर२०३२ म्हणून मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पिन भिंतीवरच्या बोर्डातून काढून मगच डबा उघडा, आणि उघडलाच आहे तर पंख्यावरची धूळ रंगाच्या ब्रशनं झाडून घ्या.