जड फिल्म कॅमेऱ्यासाठी जुना ट्रायपॉड घेताना खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवा

आपण विचारले आहे की नुकताच जुना मामिया आरबी ६७ हा जड फिल्म कॅमेरा घेतला असून त्याच्यासाठी मुंबईत मजबूत, वापरलेला ट्रायपॉड कोणता आणि कुठे शोधावा, आणि ‘१० किलो भार पेलतो’ असे छापलेला हलका कार्बन फायबरचा ट्रायपॉड चालेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: चालणार नाही. माझा थोरला भाऊ नेमके याच्या उलट सांगत आला आहे, आणि तो व्यवसायाने अभियंता असल्यामुळे घरात आणि मित्रमंडळींत त्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादाचा हिशेब सरळ आहे. ९० मिलिमीटरची लेन्स आणि फिल्म बॅक (फिल्म ठेवायची मागची पेटी) लावलेला आरबी सुमारे २.७ किलोचा, ट्रायपॉडची क्षमता १० किलो, म्हणजे तिपटीहून अधिक क्षमता हाताशी. या हिशेबात वजन धरले आहे, पण ते वजन कुठे लोंबते हे धरलेले नाही. भारक्षमता कशी मोजायची याचे सर्व उत्पादकांवर बंधनकारक असे एक मानक नाही, आणि ट्रायपॉड कोसळणार नाही एवढ्या आश्वासनावरून तो हलणार नाही असे अनुमान काढता येत नाही. त्यात आरबीचे फोकसिंग भात्याने होते. चाक फिरवले की लेन्ससकट पुढचा भाग रुळावरून पुढे सरकतो, आणि जवळच्या वस्तूवर फोकस करताना कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य हेडच्या, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो त्या ट्रायपॉडच्या वरच्या भागाच्या, मध्यापासून पुढे जातो. हेडला तेव्हा भार पेलायचा असतोच, शिवाय कॅमेऱ्याचे नाक खाली खेचणारा जोरही सतत अडवून धरायचा असतो. खोक्यावरचा आकडा या दुसऱ्या कामाबद्दल काहीच सांगत नाही.

आमचे बालपण ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत गेले. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारती वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ होत्या. मधोमध लांब, अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. पुनर्विकासासाठी आमची इमारत रिकामी होणार हे नक्की झाले, तेव्हा तो पॅसेज, त्यातली दारे आणि आमच्या दारावरची वडिलांच्या नावाची पाटी मला आरबीच्या ६ बाय ७ सेंटिमीटरच्या मोठ्या निगेटिव्हवर हवी होती. ती पाटी पुन्हा कुठल्याही दारावर लागणार नव्हती.

दादा आपला नवा, पाच टप्प्यांच्या पायांचा कार्बनचा ट्रायपॉड आणि बॉल हेड (चेंडूवर सगळीकडे फिरणारे हेड) घेऊन आला. माझ्याकडे परळमधल्या एका बंद होणाऱ्या स्टुडिओतून घेतलेला मॅन्फ्रॉटो ४७५ ट्रायपॉड आणि त्यावर मॅन्फ्रॉटोचेच २२९ हेड होते. दोन्ही मिळून सहा किलोंच्या आसपास. जिना चढतानाच दादाने सुनावले की इतके लोखंड वाहून आणणे हा निव्वळ हट्ट आहे. वास्तविक तो ॲल्युमिनियमचा आहे, पण ते असो. मी त्याला सुचवले की एकच चौकट, म्हणजे एकच छायाचित्र, दोन्ही ट्रायपॉडवर, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून आणि त्याच ॲपर्चरला घेऊ, आणि काय ते निगेटिव्हलाच ठरवू द्या. दादाने ते मान्य केले, हे मी मुद्दाम नोंदवतो.

फिल्म होती इल्फर्डची कृष्णधवल एफपी४ प्लस. मीटरने १० सेकंद दाखवले. इतक्या लांब एक्स्पोजरला फिल्मची संवेदनशीलता कमी पडते, आणि इल्फर्डच्या सूत्राप्रमाणे १० चा १.२६ वा घात म्हणजे साधारण १८ सेकंद द्यावे लागतात. कॅमेऱ्यातला आरसा आधी वर उचलून, शटर ‘टी’वर (म्हणजे आपण बंद करेपर्यंत उघडे) ठेवून आणि लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरून आम्ही दोन्ही ट्रायपॉडवर चौकटी घेतल्या. शेजारपाजारचे लोक पॅसेजमधून ये-जा करत होते. १८ सेकंदांत चालणारा माणूस अशा फिल्मवर जवळजवळ उमटत नाही, म्हणून मी कोणाला थांबवले नाही.

सगळ्या चौकटी एकाच रोलवर होत्या, एकाच टाकीत डेव्हलप झाल्या, आणि भिंगाखाली पाहताच फरक दिसला. माझ्या ट्रायपॉडवरच्या निगेटिव्हमध्ये पाटीवरचे प्रत्येक अक्षर स्वच्छ आहे. दादाच्या ट्रायपॉडवरच्या निगेटिव्हमध्ये अक्षरांच्या शिरोरेषा फुगून जाड झाल्या आहेत आणि काने मात्र धारदार आहेत. दाराच्या चौकटीची वरची आडवी पट्टी दुहेरी आहे आणि उभ्या बाजू सरळ, स्वच्छ आहेत.

दादा म्हणाला, आणि आजही म्हणतो, की लोकांच्या पावलांनी जमीन हादरत होती. ती हादरत असेल तर दोन्ही ट्रायपॉडखाली सारखीच हादरत होती, आणि पावलांचा हादरा आडव्या रेषा तेवढ्या निवडून पुसट करत नाही. आडव्या रेषा पसरल्या आणि उभ्या टिकल्या, याचा अर्थ कॅमेरा एकाच दिशेने, खालच्या बाजूला, हळूहळू सरकला. बॉल हेड घट्ट करून हात काढला की पुढे झुकलेला जड कॅमेरा चेंडू बसेपर्यंत किंचित खाली येत राहतो. सेकंदाच्या साठाव्या भागाच्या एक्स्पोजरमध्ये हे कोणाला कळणार नाही. १८ सेकंदांत ते फिल्मवर लिहिले जाते. यावर दादाचे दुसरे म्हणणे असे की मग दोष हेडचा, पायांचा नव्हे. या चौकटींपुरते ते बरोबर आहे. तथापि नळीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वाकण्याला होणारा तिचा विरोध जवळपास आठपट होतो, आणि पाच टप्प्यांच्या पायातला शेवटचा टप्पा करंगळीएवढा असतो. सगळे पाय पूर्ण उघडले की ट्रायपॉडची ताकद त्या करंगळीवर येऊन थांबते. साधारण तिसाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंतच्या वेगांना, जिथे आरशाचा धक्का सर्वांत जास्त बाधतो, तिथे हे पायच नडतात.

आता आपल्या खरेदीविषयी. पाय तीन टप्प्यांचेच घ्या आणि सर्वांत खालची नळी किती जाड आहे ते आधी पाहा. आरबीच्या कमरेच्या व्ह्यूफाइंडरमध्ये वरून पाहायचे असल्यामुळे कॅमेरा छातीच्या उंचीवर पुरतो. उंच ट्रायपॉडसाठी जास्तीचे पैसे देऊ नका आणि मधला खांब वर काढण्याची सवय लावून घेऊ नका. आरबीची बॅक फिरते, त्यामुळे उभ्या चौकटीसाठी कॅमेरा आडवा पाडावा लागत नाही. साहजिकच बॉल हेडची मुख्य सोय आपल्याला नको आहे. तीन दांड्यांचे पॅन-टिल्ट हेड घ्या, ज्यात प्रत्येक दिशेची हालचाल वेगळ्या दांडीने होते. मॅन्फ्रॉटोचे जुने ०२९ किंवा २२९ दिसले तर कॅमेऱ्याखाली बसणारी त्यांची षटकोनी प्लेट सोबत आहे ना हे पाहूनच पैसे द्या.

फोर्टमधली बोरा बाजार गली आणि चोर बाजारातली मटण स्ट्रीट आपल्याला ठाऊक असणारच. माझा अनुभव असा की गिरगाव, दादर, परळ भागात बंद होणाऱ्या स्टुडिओंकडे अधिक चांगली वस्तू मिळते, कारण ती वर्षानुवर्षे एकाच खोलीत उभी असते. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांकडचे भक्कम ट्रायपॉडही निघतात, पण त्यांचे फ्लुइड हेड (व्हिडिओसाठी सावकाश, एकसारखे फिरणारे हेड) स्थिर छायाचित्राला सोयीचे नसते: त्याला बाजूला कलण्याची सोय नसते, आणि ज्यात समतोलाची स्प्रिंग असते ते कॅमेऱ्याचे नाक स्वतःच वर ढकलत राहते. तो पायांसाठी घ्या आणि हेड बदला.

जाताना कॅमेरा सोबत न्या. पाय पूर्ण उघडून कॅमेरा चढवा, फोकस जवळ आणून भाता बाहेर काढा, व्ह्यूफाइंडरच्या भिंगातून एखादी आडवी कड काचेवरच्या रेषेशी जुळवा, हेड घट्ट करा, हात काढा आणि निवांत पाहत राहा. कड सरकली तर ते हेड परत द्या, विक्रेता काहीही म्हणो. नंतर प्रत्येक पायावर अंगाचा भार देऊन कुलूप घसरते का ते पाहा, आणि वरचा सांगाडा दोन्ही हातांनी पिळून कुठे खेळ आहे का ते तपासा. सैल झालेले खटक्याचे कुलूप पुष्कळदा ॲलन कीने आवळता येते, ओतीव सांगाड्याला गेलेली चीर मात्र दुरुस्त होत नाही. मुंबईतल्या वस्तूत आणखी एक पाहावे लागते: ॲल्युमिनियममध्ये जिथे स्टीलचा स्क्रू जातो तिथे खाऱ्या हवेने पांढरी भुकटी जमते, आणि ती जास्त असेल तर तो स्क्रू पुढे कधी निघेलच याची खात्री धरू नका.

काही गोष्टी मला आधीच सांगायला हव्या होत्या. पादचारी पूल, स्कायवॉक आणि उड्डाणपूल स्वतःच थरथरतात. तिथे सहा किलोंचा ट्रायपॉडही उपयोगाचा नाही, लोकल किंवा बस जाऊ द्यावी आणि मगच शटर दाबावे. घारापुरीसारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्थळी ट्रायपॉडला परवानगी लागते. कार्बन हा पदार्थ म्हणून वाईट नाही. जाड नळ्यांचा, तीन टप्प्यांचा कार्बन ट्रायपॉड आपल्याला परवडत असेल तर तो माझ्या ४७५ पेक्षाही सरस ठरू शकेल, आणि दादाने तसा घेतला असता तर हा वादच उरला नसता. गर्दीच्या लोकलमध्ये माझा ट्रायपॉड नेणे त्रासाचे आहे, हेही खरे आहे. आपल्याला सह्याद्रीतल्या गडांवर चढायचे असेल, तर आरबी घरी ठेवून सुमारे एक किलोचा यशिका मॅट १२४ जी हा फिल्म कॅमेरा न्या. त्याला दादाचा ट्रायपॉड पुरतो, आणि ते मी त्यालाही सांगितले आहे.