बाबांचं घड्याळ नुसतं चालू करायचं की नव्यासारखं?

ताई,
बाबांना जाऊन दहा महिने झाले. ते एसटीत कंडक्टर होते. १९७९ साली लग्नात आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, त्यांना एचएमटीचं 'जनता' दिलं होतं. ते बंद पडलंय आणि आईने रुमालात बांधून कपाटात ठेवलं होतं. वर्षश्राद्धाला ते नव्यासारखं करून तिच्या हातात द्यायचं, असं दादाने आणि मी ठरवलं, म्हणून मी ते तिला न सांगता आणलं. दुकानदार म्हणतो, डायल रंगवतो, केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीला, पॉलिश मारतो, ओळखूसुद्धा येणार नाही. दादा म्हणतो, दे करायला. माझं मन मात्र तयार होत नाही. मी उगाच हळवी होतेय का?
– सातारची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

अजिबात नाही. तू थांबलीस ते फार बरं केलंस. ओळखू येणार नाही असं करून देतो, हे त्या माणसाने चांगल्या मनानेच म्हटलं असेल. पण ज्या घड्याळाकडे बघून आईला बाबा आठवायचे, ते ओळखू न येण्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

आधी घाई मनातून काढून टाक. बंद घड्याळ कोरड्या जागी असेल तर वर्षभर तसंच राहिल्याने त्याचं काही बिघडत नाही. आतलं तेल सुकलेलं असताना 'बघूया चालतंय का' म्हणून रोज चावी देणं मात्र वाईट, त्याने चाकांची टोकं झिजतात. तेव्हा ते तसंच राहू दे.

आता मशीन आणि चेहरा या दोन गोष्टी वेगळ्या धर. मशीन दुरुस्त करायला काहीच हरकत नाही. 'जनता' हे चावीचं, १७ ज्युवेलचं (म्हणजे आत चाकांच्या टोकांना आधार देणारे १७ खडे असलेलं) साधं आणि दणकट घड्याळ आहे. जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने एचएमटीने १९६१ पासून बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढे ती बनवणारी 'एचएमटी वॉचेस' ही कंपनी बंद झाली असली तरी ही मशिनं इतक्या हातांखालून गेली आहेत की जुन्या कारागिरांना ती पाठ असतात. मशीन पूर्ण खोलून साफ करणं, तेल देणं, स्प्रिंग थकली असेल तर बदलणं, एवढं करून घे. काचेवर ओरखडे असतील तर काचही बदल, ती प्लॅस्टिकची असते. पट्टा तर बाबांनीही कितीदा बदलला असेल.

डायल मात्र नको. डायल रंगवतात म्हणजे जुना रंग आणि अक्षरं काढून टाकून नव्याने छापतात. ते परत आणता येत नाही. पॉलिशचंही तेच. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं. केसची एक कड चेपलीय का, बघ. उभ्याने तिकिटं फाडताना, गर्दीत दांड्याला धरताना तिथे काय काय लागलं असेल! ती कड सपाट झाली की हे सगळं गेलं. कारागिराला हे तोंडी सांगू नकोस, पावतीवर लिहून घे: डायल रंगवायची नाही, केस पॉलिश करायची नाही, बदललेले पार्ट परत द्यायचे. देण्याआधी फोटो काढून ठेव. मागचं झाकण उघडेल तेव्हा समोर उभी राहा. झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्ती करणारे बारीक अक्षरात खुणा, तारखा कोरून ठेवतात. बाबांनी ते कधी दुरुस्तीला दिलं होतं, हे कदाचित तिथे वाचायला मिळेल.

पण यातलं काहीही करण्याआधी आज संध्याकाळी आईला सांग.

तू पूर्ण पत्रात 'बाबांचं घड्याळ' म्हणतेस, आणि ते तिच्या वडिलांनी दिलं हे एका ओळीत सांगून पुढे जातेस. अगं, ते तिच्या माहेरचं आहे. वडिलांनी जावयाच्या हातात घातलं आणि नवऱ्याने मनगटावर वागवलं. तुझ्या आणि दादाच्या आधी त्यावर तिचा हक्क आहे. रुमाल सोडला आणि आत घड्याळ नाही, असं एखाद्या दुपारी झालं तर तिला काय वाटेल? वर्षश्राद्धाच्या दिवशी चार पाहुण्यांत तिला असा धक्का देऊ नका, तो आनंदाचा असला तरी. उलट कारागिराकडे तिलाच घेऊन जा. काय ठेवायचं, काय बदलायचं, ते तिने सांगावं.

दादावर चिडू नकोस. त्यालाही बाबांसाठी काहीतरी करायचंय, आणि पैसे खर्च करणं त्याला जमतंय. त्याला जबाबदारीने काम दे: जुन्या घड्याळांत मुरलेला कारागीर शोधायचा, खर्च त्याने करायचा. चकचकीत 'जनता' हवंच असेल तर जुनी घड्याळं विकणाऱ्यांकडे रंगवलेल्या डायलची मिळतात, ते स्वतःसाठी घेऊ दे.

चालू झाल्यावर ते वापरणाऱ्याने रोज ठरलेल्या वेळी चावी द्यावी, अडली की जोर करू नये आणि पाण्यापासून जपावं. दिवसाला अर्धा मिनिट पुढे-मागे झालं तर कारागिराशी भांडायला जाऊ नका, या वयात तेवढं चालायचंच.

आणि आई म्हणाली, मला ते बंदच हवंय, तर वाद घालू नकोस. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू देऊ नकोस, आत दमट होऊन गंज धरतो. सुती रुमालच बरा. वर्षा-दोन वर्षांनी तिला पुन्हा विचार.

– ताई