घरातला तिसरा पेशंट

"मॅडम, मला सगळं कळतं हो, पण चार दिवसांच्या वर काही टिकत नाही. माझ्या अंगात सातत्यच नाही." माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे लोक सगळ्यात जास्त वेळा हेच बोलतात. कुणाचं चालणं टिकत नाही, कुणाचा अभ्यास, कुणाचं तंबाखू सोडणं. स्वतःविषयीचा निकाल मात्र सगळे येतानाच लावून येतात. कुणी आळशी, कुणी मनाचा कच्चा, कुणी आरंभशूर. म्हणजे मी फक्त त्यावर शिक्का मारायचा.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेल्या ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीच्या आतलं. घरात नवरा, सासूबाई, कॉलेजात जाणारा मुलगा. मुलगी लग्न होऊन पुण्यात. मधुमेह कळून काही वर्षं झालेली. मागच्या तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली हे सांगणारी एचबीए१सी नावाची तपासणी असते. बहुतेकांना ती सातच्या खाली ठेवायला सांगतात. ताईंची साडेआठच्या आसपास होती आणि हलत नव्हती. त्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं, "माहिती सगळी आहे. पाळलं जात नाही. कृपया बोलून पाहा."

माहिती खरोखरच होती. कारल्याचा रस झाला होता, भिजवलेले मेथीदाणे झाले होते, मैत्रिणींबरोबर सकाळी फिरायला जाणं झालं होतं. साखर कमी होईल म्हणून गुरुवारचा उपवास धरला होता आणि त्या दिवशी दोन वेळा साबुदाण्याची खिचडी खाल्ली जात होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याने साखर कमी होत नाही, चढते. उपवासाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यामुळे उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा. आणि हो, मुलीने पुण्याहून येऊन फ्रिजवर एक कागद चिकटवला होता, 'मी माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे.' पाहुणे आले की ताई तो काढून ठेवत. "लोक काय म्हणतील? स्वतःची आरती ओवाळतेय?"

खरं सांगायचं तर मला तो कागद काढून ठेवणंच महत्त्वाचं वाटलं. ज्या वाक्यावर आपलाच विश्वास बसत नाही, ते रोज वाचून काय होणार? उलट दर वेळी मनातून उत्तर येतं, 'हे काही माझं नव्हे.'

मी त्यांना त्यांचा एक दिवस सांगायला सांगितलं, अगदी पहाटेपासून. साडेपाचला उठणं. दूध तापवणं. सासूबाईंना काचबिंदू, त्यांच्या डोळ्यांत ठरल्या वेळी थेंब घालणं. त्यांना ताई 'आत्या' म्हणतात. "आत्यांचे थेंब कधी चुकत नाहीत हं, डॉक्टरांनी सांगितलंय, चुकले तर नजर जाईल." नवऱ्याची बीपीची गोळी पोह्यांच्या ताटलीच्या कडेला ठेवणं, म्हणजे विसरायला नको. मुलाचा डबा. संध्याकाळी देवापाशी दिवा. रात्री सगळं आवरलं की विरजण.

"विरजण लावायचं कधी राहतं का?" मी विचारलं.

काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "राहिलं तर दुसऱ्या दिवशी दही कुठून येणार?"

लग्नाला पंचवीसेक वर्षं झालेली. तितकी वर्षं रोज रात्री विरजण लावणारी बाई मला सांगत होती की तिच्या अंगात सातत्य नाही!

"आणि तुमची गोळी?"

"राहते कधी कधी."

हिशेब केला तेव्हा एका महिन्याची औषधं त्यांना जवळजवळ दोन महिने पुरत होती.

जेवणाची गोष्ट याहून बोलकी निघाली. आहारतज्ज्ञांनी त्यांना वही लिहायला सांगितली होती. वहीत रोज दोन पोळ्या, वाटीभर भाजी, आमटी, थोडा भात. प्रामाणिकपणे लिहिलेलं. मी विचारलं, "सगळ्यांचं जेवण झाल्यावर काय काय उरतं?" मग एकेक बाहेर आलं. पातेल्यातला मूठ-दोन मूठ भात. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी. आत्यांना नको झालेला शिरा. हे सगळं ओट्याशी उभं राहून ताईंच्या पोटात जात होतं आणि वहीत येत नव्हतं. त्या खोटं लिहीत नव्हत्या. त्यांच्या लेखी ते खाणं नव्हतंच, ते आवरणं होतं. भांडं रिकामं झाल्याशिवाय घासायला कसं टाकणार?

इथे मनोनिग्रह शिकवून काय साधलं असतं? मोहच नव्हता, तर आवर कशाला घालायचा? आपण कोण आहोत याची प्रत्येकाच्या मनात एक समजूत असते आणि दिवसभरातल्या बारीकसारीक गोष्टी तिच्या हुकमाने होतात. 'मी या घराचं बघणारी', 'मी अन्न वाया न घालवणारी', 'मी सगळ्यांच्या मागून जेवणारी'. यातलं प्रत्येक वाक्य रोज काहीतरी करून घेत होतं आणि बिनचूक करून घेत होतं. गोळी आणि फिरणं एवढ्याच गोष्टींना त्या समजुतीत जागा नव्हती, म्हणून त्या उपऱ्यासारख्या चार दिवस राहून निघून जात.

त्यांनी स्वतःच याचं उत्तम उदाहरण दिलं. त्यांचे वडील माळकरी होते. मी विचारलं, "गावात एवढ्या जत्रा, मटणाची जेवणं. वडिलांना कधी मोह झाला नसेल?" त्या म्हणाल्या, "मोहाचा प्रश्नच नव्हता मॅडम, ते माळकरी होते. वाढणारेच त्यांना दुसऱ्या पंगतीला न्यायचे." गळ्यात तुळशीची माळ आली की माणसाला रोज रोज नव्याने ठरवावं लागत नाही. मटण-दारू सुटते, एकादशी येते, हरिपाठ येतो. आणि आजूबाजूचेही त्याला धरून वागतात. आग्रह होत नाही, कारण कुणाला आग्रह करायचा नाही हे गावाला ठाऊक असतं. वारकऱ्यांनी ही गोष्ट मानसशास्त्राच्या कितीतरी आधी पक्की जाणली होती असं मला वाटतं.

मानसशास्त्राने तिला एक जोड दिली. डॅरिल बेम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली सविस्तर मांडलं की आपण कसे आहोत हे आपण पुष्कळदा आपलंच वागणं बघून ठरवतो, जसं दुसऱ्याचं वागणं बघून त्याच्याविषयी ठरवतो तसंच. त्यामुळे आधी मन बदलेल आणि मग हात हलतील अशी वाट बघत बसायची गरज नाही. लहानसं काही रोज घडू लागलं की मन त्याची नोंद घेतं. अट एकच, ते वागणं स्वतःचं वाटलं पाहिजे, कुणी डोक्यावर बसून करवून घेतलेलं नव्हे.

तेव्हा ताईंना 'स्वतःसाठी जगा' असं सांगण्यात मला रस नव्हता. त्या घराचं बघणाऱ्या होत्या, राहू देत. मी विचारलं, "तुमच्या घरात औषधपाणी कोण बघतं?"

"मीच."

"पेशंट किती?"

"दोन. आत्या आणि हे."

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "तीन."

पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी आपणहून एक बदल केला होता. आत्यांच्या औषधांच्या डब्यात स्वतःच्या गोळ्या ठेवल्या होत्या. रात्री आत्यांची गोळी जेवणानंतरची, यांचीही तशीच. दोघींनी एकदमच घ्यायची. पंधरवड्यात गंमत झाली. आत्याच विचारायला लागल्या, "अगं, तुझी घेतलीस का?" घरातल्या एका तरी माणसाने आपल्याला नव्या रूपात पाहिलं की अर्धं काम होतं. फ्रिजवरच्या कागदाला ते जमलं नव्हतं, सासूच्या प्रश्नाला जमलं.

उरलेल्या अन्नाचं सोपं नव्हतं. 'टाका' म्हणणं म्हणजे त्यांना पाप करायला सांगण्यासारखं. मी त्यांच्या दुसऱ्या एका अभिमानाला हात घातला. ताई सुगरण. अंदाज असा की पन्नास माणसांचं मीठ चाखून बघावं लागत नाही. मी म्हणाले, "मग चार माणसांच्या घरात रोज भात उरतो कसा?" हे त्यांना जरा लागलं. उत्तर होतं, "अचानक कुणी आलं तर?" म्हणजे रोजचा जास्तीचा भात न आलेल्या पाहुण्यासाठी शिजत होता आणि तो पाहुणा म्हणून रोज ताईच जेवत होत्या. यावर आम्ही पुष्कळ हसलो. तोडगा त्यांनीच काढला. कुणी आलंच तर दडपे पोहे पाच मिनिटांत होतात, भात मोजून लावायचा. तरी उरलाच तर झाकून फ्रिजमध्ये, सकाळी फोडणीचा भात सगळ्यांना थोडा थोडा. आणि शेवटची अट, जे खायचं ते ताटात वाढून, बसून. उभ्याने काही नाही. बसून खाल्लं की ते वहीत आपोआप यायला लागलं.

फिरण्याचं म्हणाल तर सकाळ त्यांची नव्हतीच, डब्यांची होती. रात्रीच्या गोळीनंतर आत्यांना घेऊन गल्लीच्या टोकाच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, एवढं ठरलं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखरेची चढ आटोक्यात राहायला मदत होते.

मग दिवाळी आली. फराळ यांच्याच हातचा, चव बघायलाच हवी. शिवाय भाऊबीजेला माहेर. परत आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. "सगळं मोडलं. मी सांगितलं होतं ना, माझ्याने नाही होत." मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं की सवय एकवीस दिवसांत लागते आणि यांचा एकविसावा दिवस तर केव्हाच होऊन गेला होता.

या एकवीस दिवसांनी किती लोकांना उगीच अपराधी वाटायला लावलं आहे! मूळ गोष्ट एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणाची. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस जातात असं तो म्हणाला होता. त्यातलं 'निदान' गळालं आणि चेहराही गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर जो अभ्यास केला, त्यात एखादी साधी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं निघालं. पण माणसामाणसांत १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. आणि मला जास्त मोलाचं वाटतं ते हे की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा अडथळा आला नाही.

"दिवाळीत आत्यांचे थेंब चुकले का?" मी विचारलं. एकदा चुकले होते, माहेरी होत्या त्या दिवशी. "मग तुम्ही काय केलंत? थेंब बंद केले?"

"छे, दुसऱ्या दिवशी घातले की."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आणि त्यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात रुजवणारे डॉ. कि. मो. फडके यांच्याकडून आमच्या पिढीच्या समुपदेशकांनी जे उचललं, त्यात हे एक आहे. कृतीला वाईट म्हणा, सगळ्या माणसाला नको. 'चार चकल्या जास्त खाल्ल्या' ही घडलेली गोष्ट. 'माझ्याने होत नाही' हा स्वतःवर मारलेला शिक्का, आणि माणूस त्या शिक्क्याप्रमाणे वागायला लागतो. नव्या ओळखीचाही असा अतिरेक होतो, बरं का. 'मी आता शिस्तीची' म्हणून छाती काढणारी माणसं पहिल्या चुकीला सगळ्यात जोरात आपटतात. म्हणून मी ताईंना 'शिस्तीची' हा शब्द वापरू दिला नाही. तिसरा पेशंट पुरे. पेशंटचा डोस चुकू शकतो, त्याला कुणी घराबाहेर काढत नाही.

पुढच्या तपासण्यांमध्ये आकडा आधी आठच्या खाली आला, नंतर सातच्या थोडा वर राहिला. याचं सगळं श्रेय बोलण्याला देऊ नये. मध्ये डॉक्टरांनी गोळीचा डोसही बदलला. पण गोळी खरोखर घेतली जात होती, म्हणून बदलायचा की नाही हे त्यांना ठरवता आलं.

वाचणाऱ्यांपैकी कुणी 'माझंही असंच' म्हणत असेल तर एक सांगायला हवं. सातत्य न राहण्याचं कारण दर वेळी ओळखीत नसतं. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, म्हणून ताईंची झोप, भूक, कशात मन लागतं का, हे मी पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं. ते बिनसलेलं असेल तर आधी त्याचे उपचार. रात्रपाळी करणाऱ्याला, किंवा घरातल्या पैशावर आणि स्वयंपाकावर ज्या बाईचा काडीचा अधिकार नाही तिला, 'तू स्वतःकडे वेगळ्या नजरेने बघ' असं सांगणं मला क्रूर वाटतं. तिथे आधी परिस्थितीत काय हलवता येईल ते बघावं लागतं. पण तसं काही नसेल, तर 'माझं काय टिकत नाही' याच्याआधी 'माझं काय वर्षानुवर्षं टिकलं आहे' हे शोधा, आणि ते करताना तुम्ही स्वतःला कोण समजता ते पाहा. नव्या गोष्टीला तिथेच कुठेतरी जागा करता येते का, हा पुढचा प्रश्न.

ताईंचं सगळं मार्गी लागलं असं नाही. गुरुवारची खिचडी राजगिऱ्यावर आली आहे, तीही कुरकुरत. शेजारणीबरोबरचा चारचा चहा मात्र साखरेचाच. तो त्या सोडणार नाहीत, तसं त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. अर्धा चमचा, एकच कप, यावर दोघांचा सौदा झाला आहे आणि मी त्यात पडलेले नाही.