मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर नकाशावर पट्टीने चौदा हजार किलोमीटरच्या वर भरतं, संकेतस्थळं साडेबारा हजार सांगतात. खरं कुठलं? आणि उड्डाणाला वेळ किती धरायचा?

साडेबारा हजार. ती पट्टी आधी बाजूला ठेवा.

याच पट्टीपायी आठवीत मी छडी खाल्ली आहे, म्हणून लिहायला बसलो. भूगोलाच्या सरांनी भिंतीवरच्या नकाशावर लाकडी फूटपट्टी टेकवली आणि सांगितलं की मुंबईहून विमान अरबस्तान, लिबिया, अल्जीरिया करत अटलांटिकवर निघतं. मी आदल्याच दिवशी ऑफ पिरियडला कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढून त्यावर किराण्याच्या पुडीचा दोरा लावून पाहिला होता. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं (अंगठ्याखाली अख्खा कोकण गेला), दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणला. दोरा लिबियावर थांबेचना. सरकत सरकत वर गेला: अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, स्वीडन, मग ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली. तोच दोरा विषुववृत्तावर धरला. आमच्या गोलावर दर १५ अंशांवर रेघ होती. साडेसात घरं भरली. अंशाला १११ किमी धरा आणि करा गुणाकार.

हे वर्गात बोललो. सर म्हणाले, "विमान काय थंडी खायला ध्रुवाकडे जातं?" वर्ग खो खो हसला. गोल आणून दाखवू का विचारलं, तर म्हणाले, हात पुढे कर.

पुस्तकात दोऱ्याच्या या सगळ्यात जवळच्या वाटेला बृहद्‌वृत्त म्हणतात. सपाट नकाशा उत्तरेकडे फुगवलेला असतो, त्यावरची सरळ रेघ जमिनीवर आडवळणाची निघते. सरांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण परीक्षेत पट्टीचंच उत्तर बरोबर धरलं गेलं, आणि माझा थोरला भाऊ अजून म्हणतो, "मोठ्या माणसाशी वाद घालायची तुला गरजच काय होती?" दादा, वाचत असशील तर मुंबई-न्यूयॉर्कचं अंतर कुठेही शोधून बघ. पट्टीच्या रेघेने सोळा-सतराशे किलोमीटर जास्त पडतात.

वेळेचं म्हणाल तर ताशी ९०० ने भागून चौदा तास काढू नका. तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हललं तिथपासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतची असते. मुंबई-दिल्ली हवेत पावणेदोन तासांच्या आतबाहेर, तिकिटावर मात्र सव्वादोन. शिवाय वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे अमेरिकेला जाताना पंधरा-सोळा तास आणि येताना तासभर तरी कमी. निघायची-पोचायची वेळ नुसती वजा करू नका, दोन्ही स्थानिक असतात. न्यूयॉर्क आपल्यामागे हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ.

हो, एक राहिलंच. विमान दरवेळी दोऱ्यावरून जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. दादाने ती बातमी मला लगेच पाठवली, खाली लिहिलं होतं, "बघ, सर बरोबर होते." तो वळसा राजकारणाचा आहे, भूगोलाचा नाही, हे त्याला तीनदा लिहून झालं.

गोलावर मोजताना वरचा पितळी कमानपट्टा मध्ये येतो. गोल काढून मांडीवर घ्या.