नजर रोखू नये, चुकवूही नये

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

एसटीच्या रत्नागिरी विभागात वाहक म्हणून रुजू झालीस आणि लगेच मुक्कामी गाडीची ड्यूटी लागली, हे तुझ्या पत्रातून कळले. शेवटच्या फेरीला दारू पिऊन चढलेला माणूस अंगावर येऊ लागला तर काय करावे, असे तू विचारले आहेस. तो अंगावर आल्यानंतर करण्यासारखे फार थोडे उरते. त्यामुळे त्याआधीच्या वेळेविषयीच मी अधिक लिहितो.

गाडी स्थानकात लागली की आसनावर बसून वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरत राहू नकोस. दाराशी उभी राहा, चढणाऱ्या प्रत्येकाकडे क्षणभर पाहा आणि मान हलव. सरळ माणसाला त्यात आपली दखल घेतल्याचे समाधान मिळते. गाफील सावज शोधणाऱ्याला मात्र आपला चेहरा कोणीतरी पाहून ठेवला आहे हे कळते, आणि त्याला तेवढे पुरते. शिमग्याला आणि गणपतीत मुंबईकरांची गर्दी उसळते, तेव्हा खिसेकापूंची सारी भिस्त कोणी कोणाकडे पाहत नाही यावरच असते. कोण झोकांड्या खात चढला, कोण जागा रिकामी असूनही दारातच रेंगाळला, कोणाचा हात पिशवीतून बाहेरच येत नाही, हे तुला पहिली घंटी देण्यापूर्वी ठाऊक असायला हवे.

चिडलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याला काही लुबाडायचे नसते. चारचौघांत आपला अपमान झाला, एवढेच त्याच्या डोक्यात असते. सुट्ट्या पैशांवरून, नाहीतर विनंती थांबा नसलेल्या ठिकाणी गाडी थांबवली नाही यावरून पेटलेली भांडणे बहुतेक याच जातीची. अशा माणसाकडे टक लावून पाहिलेस तर ते आव्हान ठरते, आणि मान खाली घातलीस तर त्याचा जोर वाढतो. त्याच्याकडे एकदा शांतपणे पाहा, ‘दादा, बसून घ्या, तिकीट मागाहून देते’ एवढे सावकाश बोल आणि मग नजर बाजूला, पुढच्या प्रवाशाकडे वळव. खाली पाहणे ही माघार दिसते. बाजूला पाहणे म्हणजे आपण कामाला लागलो, असे दिसते. त्यालाही गप्प बसायला वाट मिळते, आणि ही वाट ठेवणे हेच या साऱ्यातले मुख्य काम आहे. बाईच्या नजरेचा भलताच अर्थ काढणारे महाभाग असतात, म्हणून ही नजर थोडकीच असू दे. नजरेसोबत हसण्याची सवय मात्र असल्या प्रसंगी मोडून टाक.

बोलताना डोळ्यांत डोळे घालण्यापेक्षा त्याच्या गळपट्टीच्या जरा खाली दृष्टी ठेव. आपल्याला अगदी रेखीव दिसते ते क्षेत्र फार लहान, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढे असते. हालचाल टिपायला मात्र दृष्टीच्या कडा चांगल्या असतात. छातीवर नजर ठेवली की त्याचे दोन्ही खांदे आणि हात तुला एकदम दिसतात, आणि इजा हातांनी होते, डोळ्यांनी नव्हे. भीतीने लक्ष आक्रसते, एकाच चेहऱ्यावर खिळते. अशा वेळी श्वास लांबवून सोड आणि मुद्दाम दार, चालक व शेजारचे प्रवासी यांच्यावरून नजर फिरव. त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर, अर्धवट तिरकी उभी राहा, आणि दाराकडची वाट तुझ्यासाठी आणि त्याच्यासाठीही मोकळी ठेव.

मुक्कामाच्या गावी जेवायला जाताना वाटेत कुत्री भुंकली, तर त्यांच्याही डोळ्यांत पाहू नये आणि पाठ फिरवून पळू नये. बिबट्याबाबतही पळणे आणि खाली वाकणे टाळायचे. ताठ उभे राहून सावकाश मागे सरायचे. बॅटरी जवळ असू दे.

कायद्याविषयी एक सांगतो. कर्तव्यावरील लोकसेवकावर बळाचा वापर करणे हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 खाली गुन्हा आहे (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे 353), आणि एसटीचा कर्मचारी लोकसेवक गणला जातो. पण भांडण चालू असताना हे कलम त्याच्या तोंडावर फेकू नकोस. पन्नास माणसांसमोर कलम ऐकल्यावर त्याला मागे हटता येत नाही. ते ठाण्यात, तक्रार लिहिताना काढायचे.

तुझ्या चालकाशी निघण्यापूर्वीच बोलून ठेव. एक घंटी थांबण्याची, दोन निघण्याच्या, हे सर्वांना ठाऊक असते. अडचणीसाठी तुमची वेगळी खूण ठरवा, आणि ती ऐकल्यावर गाडी घाटात किंवा सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, निर्मनुष्य जागी न थांबवता पुढचे पोलीस दूरक्षेत्र (चौकी), बसस्थानक किंवा वस्तीच गाठायची हेही ठरवा. 112 वर फोन लावायचा तर ठिकाण सांगता आले पाहिजे, म्हणून तुझ्या मार्गावरचे थांबे क्रमाने पाठ कर. मोबाइलची रेंज कुठे जाते तेही लिहून ठेव. तुझा मार्ग कोणता ते कळव, म्हणजे त्यावरच्या अवघड जागा तुला कळवीन.

तुझा,
काका