सोडलंस, पण मोजलंस का?

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. काळ्या डोक्याच्या अळीवर गोनिओझस ही परोपजीवी माशी सोडून तीन आठवडे झाले, नारळाच्या झावळ्या करपलेल्याच दिसतात, बागेचा मालक फवारणीचा पंप काढून बसलाय, आणि वरिष्ठ म्हणतात की सोडल्याचा आकडा लिहा आणि अहवाल मिटवा. आणि तू विचारतेस, "सर, हे खरंच चालतं का, की आपण नुसती स्वतःची समजूत काढतोय?"

पत्र तिसऱ्यांदा चाळलं ते एक आकडा शोधायला. किती परोपजीवी सोडले ते आहे, तारीख आहे, झाडांची संख्या आहे. सोडण्याआधी एका पातीवर किती जिवंत अळ्या होत्या ते नाही. आज किती आहेत तेही नाही. मग चालतं की नाही हे तुला सांगणार कोण? मी, इथे बसून?

रागावलोय असं समजू नकोस. हीच चूक मी केली होती, आणि तुझ्याहून जास्त अनुभव गाठीशी असताना केली होती. काचेच्या नळ्या घेऊन गेलो, झाडाझाडाला माश्या सोडल्या, फोटो काढला, परतलो. मोजायला म्हणून पुन्हा पाय ठेवला तो आठ महिन्यांनी. बागेतला गडी म्हणाला, "साहेब, तुम्ही सोडून गेलात, ते गेलातच." बाराव्या दिवशी त्याने कीटकनाशक मारलं होतं. मारू नकोस असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याहून वाईट गोष्ट मला नंतर उमगली. गोनिओझस वाढलेली अळी धरते, कोषाला हात लावत नाही. या किडीच्या पिढ्या बऱ्याचदा एकसाथ चालतात, म्हणजे एका वेळी बागेत बहुतेक अळ्याच, तर दुसऱ्या वेळी बहुतेक कोषच. मी गेलो तेव्हा त्या पानांवर काय होतं? वही उघडली, तर पान कोरं. कोषांच्या दिवसांत गेलो असेन तर ब्रॅकीमेरिया ही दुसरी परोपजीवी माशी न्यायला हवी होती, जी कोषावर चालते. ते मला आजही माहीत नाही, आणि ती बाग आता नाही.

म्हणून सांगतो, आधी मोज. मग सोड. मग परत जाऊन मोज.

आणि मोजायचं ते झाडाखालून वर बघून नाही. खरवडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे लांबून बाग करपलेलीच दिसणार. सुधारणा दिसली तर ती नव्या झावळीत. खालची झावळी काप, पाती उलटी धर. रेशीम आणि विष्ठेचं भुयार दिसेल, ते सुईच्या टोकाने हळूच उसव. काळ्या डोक्याची अळी बाहेर पळाली तर ती जिवंत. पण कधी कधी आत अळी लुळी पडलेली असते, अंगाला पांढरट अंडी किंवा इवल्या अळ्या चिकटलेल्या, आणि शेजारी मुंगीएवढी काळी माशी. भुयार फाडलं तरी ती पटकन उडत नाही. ती त्यांची आई. पिल्लं कोषात जाईपर्यंत ती तिथून हलत नाही. पहिल्यांदा भिंगाखाली हे पाहिलं तेव्हा मला आठ महिने आठवले आणि मी बराच वेळ काही बोललो नाही.

तुला वाटत असेल, सरांचं हे जुनं खूळ. मग ऑस्ट्रेलियातल्या पाइनचं ऐक. सायरेक्स ही लाकूड पोखरणारी माशी तिथे पोचली. तिच्यावर न्यूझीलंडमध्ये 1962 साली एक सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा सूक्ष्म जंत, सापडला होता. हा प्राणी दोन तऱ्हांनी जगतो: झाडात माशीनेच आणलेल्या बुरशीवर पोसतो, किंवा माशीत शिरून तिची अंडी निकामी करतो. मग ती माशी स्वतःच त्याला पुढच्या झाडात पोचवते. बुरशीवर तो प्रयोगशाळेत सहज वाढतो, म्हणून वर्षानुवर्षं तसाच वाढवला. 1987 च्या सुमारास दक्षिणेकडच्या, विरळणी न झालेल्या दाट लागवडींत सायरेक्स उसळली. दोन-तीन वर्षांत पन्नास लाखांहून जास्त झाडं गेली. सूत्रकृमी झाडांत धडाक्याने टोचले. लागण मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी. लाकडातून निघालेल्या माश्या एकेक फाडून मोजल्या तेव्हा कळलं की बुरशीवर पिढ्यान्‌पिढ्या राहून तो माशीत शिरायचंच विसरत चाललाय. मग टास्मानियातल्या कामोना इथल्या जंगलातून, जिथे तो पूर्वी सोडला होता, जोमदार वाण परत आणावं लागलं. माश्या फाडल्या नसत्या तर? निकामी वाण टोचत राहिले असते आणि प्रत्येक अहवालात "इतकी झाडं टोचली" असा झोकदार आकडा आला असता.

तुझ्या माश्या कशावर वाढवल्यात? मेणपतंगाच्या अळ्यांवर? किती पिढ्या? सोडण्याआधी त्यांना काळ्या डोक्याच्या अळीच्या भुयाराचा वास दिला होता का? हेही विचारून घे.

किडीवर तिचा शत्रू सोडायच्या आपल्या विद्येचं पहिलं गाजलेलं उदाहरणच फार गोड आहे, आणि त्याने आपलं नुकसान केलं असं मला वाटतं. 1888-89 मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियाला कीड खाणाऱ्या व्हेडालियाचे अवघे 129 भुंगे आले आणि संत्रा-लिंबाच्या बागा कापसासारख्या खवले किडीतून वाचल्या. सगळे एवढंच सांगतात. पुढे 1940 च्या दशकात डीडीटी आली, तिने व्हेडालिया मारले आणि तीच कीड पुन्हा वर आली, हे कोण सांगतं? नारळाच्या गेंड्या भुंग्यावरचा विषाणू 1967 मध्ये सामोआत सोडला, उत्तम चालला. 2007 मध्ये ग्वाम बेटावर याच जातीचा जो भुंगा सापडला, त्याला तो विषाणू दाद देईना. एकदा जिंकलं की कायमचं जिंकलं, असं झाडांच्या कामात नसतंच. झाड चाळीस वर्षं उभं असतं.

हा मोजण्याचा हट्ट मला महागात पडला. एकदा "यशस्वी" लिहिलेल्या अहवालावर मी सही केली नाही, कारण तुलनेला न सोडलेली एकही बाग ठेवली नव्हती. पावसानेही कीड उतरली असती. काम माझ्या हातून गेलं. सहकारी म्हणाले, एका सहीने काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. त्या कागदाच्या भरवशावर पुढच्या शंभर बागांत तेच सोडलं असतं. त्यांनी मला आडमुठा म्हटलं, म्हणू देत. मी बरोबर होतो, आणि आज ती फाईल समोर आली तरी सही करणार नाही.

आता तुझं काम. मालकाला भेट आणि पंधरा दिवस मागून घे. गोनिओझसची एक पिढी तेवढ्यात निघते. त्याला सोबत झाडाखाली बसव, भुयार त्याच्याच हाताने उसवू दे. कित्येकदा फवारणी तिथेच थांबते. दूरची, माश्या न सोडलेली एक बाग निवड आणि दोन्हीकडे सारख्याच संख्येने झावळ्या काप. जिवंत अळ्या, लुळ्या अळ्या, कोष, रिकामे कोष, चार रकाने वेगळे ठेव. संशयास्पद अळ्या नळीत ठेव, काय निघतं ते पाहा. आपल्या माशीवर जगणारी दुसरी माशीही निघू शकते. आधीची मोजणी गेली ती गेली, ती अंदाजाने भरू नकोस. तो रकाना कोरा ठेव आणि अहवालात तसंच लिही.

रकाने भरले की मला पाठव. सगळीकडे शून्य आलं तरी पाठव, मी त्यासाठीच थांबलोय.