आयजीई वाढलंय, तर बोट कुणाच्या घराण्याकडे दाखवायचं?

प्रश्न : मुलगा ६ वर्षांचा, टोटल आयजीई ९०० आलंय. सासूबाई म्हणतात हे तुमच्या माहेरचंच. खरंय का?

सासूबाई अर्ध्याच बरोबर आहेत. आयजीई म्हणजे ॲलर्जीत वाढणारं रक्तातलं एक प्रतिपिंड (अँटीबॉडी). जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसांतला आयजीईचा जो फरक असतो त्यातला साधारण निम्मा तरी जीन्समुळे असतो, पण हे एका जीनचं काम नाही, कितीतरी जीन्स थोडा थोडा हातभार लावतात आणि ते दोन्ही घरांकडून येतात, त्यामुळे एकट्या माहेरावर खापर फोडू नका. शिवाय आपल्याकडे पोटात जंत झाले तरी आयजीई चढतं. ९०० असून ठणठणीत असलेली मुलं असतात आणि ६० असून दमा असलेलीही असतात. शिंका, धाप, खाज यातलं काही आहे का ते आधी सांगा. नुसत्या आकड्याला औषध देत नाहीत.

प्रश्न : मला धुळीची ॲलर्जी, ह्यांना कोळंबीची. बाळाला दोन्ही होणार का? शेंगदाणा देऊ का?

मुलांकडे मुख्यतः ॲलर्जीची प्रवृत्ती जाते, ती धुळीवर निघेल की कशावरच नाही हे आधी सांगता येत नाही. शेंगदाण्याच्या ॲलर्जीत २००० साली अमेरिकेत जुळी तपासली, तर एकाला असेल तेव्हा दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत ६४ टक्के निघालं, वेगळ्या जुळ्यांत फक्त ७. म्हणजे जीन्सचा वाटा दणदणीत, तरी जीन्स तेच असून एक तृतीयांश जोड्यांत दुसरा सुटलाच ना! आणि भीतीपोटी शेंगदाणा लांब ठेवायचा सल्ला आता जुना झाला, २०१५च्या लंडनमधल्या ट्रायलमध्ये जास्त धोक्याच्या बाळांना लवकर सुरू केला तर ही ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. बाळाला जोरदार एक्झिमा (खाज सुटणारे त्वचेचे चट्टे) किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. अख्खा दाणा अजिबात नाही, घशात अडकतो, बारीक कूट पातळ करून द्या.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या पिढीत दमा कुणालाच नव्हता. जीन्स तर तेच, मग?

जीन्स दोन-तीन पिढ्यांत बदलत नाहीत, राहणी बदलते. अमेरिकेतले आमिश आणि हटेराइट हे दोन ख्रिस्ती पंथ बघा, दोघंही मूळचे युरोपातले, वंश जवळचा, दोघंही शेतकरी, पण आमिश घोडे-गाई घेऊन जुन्या पद्धतीने राबतात, मुलं लहानपणापासून गोठ्यात, आणि हटेराइटांची शेती मोठी, यंत्रांची. २०१६च्या अभ्यासात दमा आमिश मुलांत ५ टक्के, हटेराइटांत २१. आमिश घरांतल्या धुळीत जंतूंचे अंश कितीतरी जास्त सापडले, आणि ती धूळ उंदरांना हुंगवली तर त्यांचा दमाही रोखला गेला! म्हणून लगेच घर झाडायचं बंद करू नका हं, आपली फ्लॅटमधली धूळ म्हणजे गोठा नव्हे.

प्रश्न : ऑनलाइन जीन टेस्ट करू का?

ॲलर्जीसाठी? पैसे वाचवा. पण मुलाला वारंवार गळवं आणि न्यूमोनिया होत असेल, आयजीई हजारोंत असेल, तर स्टॅट-३ जीनमधल्या बिघाडाचा दुर्मिळ आजार असू शकतो, तिथे जीन टेस्ट खरंच लागते आणि ती इम्युनॉलॉजीच्या (रोगप्रतिकारशक्तीच्या) डॉक्टरांकडूनच करून घ्या.